पूर्वसूरींची उलटतपासणी

एम.ए.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा प्रबंध, त्यातलं दुसरं प्रकरण बहुधा ठरलेलं असतं: ‘संबंधित साहित्याचा आढावा’. आणि बरेच विद्यार्थी ते सगळ्यात शेवटी लिहितात. माहिती गोळा झालेली असते, तक्ते तयार असतात, निष्कर्षही मनात पक्के झालेले असतात. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की जुन्या प्रबंधांची नावं आणि त्यांचे सारांश एकाखाली एक मांडले जातात. प्रकरण पूर्ण होतं, पण त्यातून संशोधकाला काहीच मिळालेलं नसतं.

हे सोपस्काराचं प्रकरण नाही. संशोधन इथूनच सुरू होतं. आपल्या प्रश्नावर आधी कोणी काय शोधलं, कशाच्या आधारावर शोधलं आणि तो आधार किती भक्कम आहे, हे न तपासता पुढे जाणं महागात पडतं. किती महागात, हे स्कर्व्ही या आजाराच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. संशोधनाच्या बहुतेक मूलभूत पद्धतीही या एकाच आजाराच्या शोधकथेत भेटतात. म्हणून या प्रकरणात आपण तीच कथा सविस्तर पाहू.

बारा खलाशी, सहा उपाय

स्कर्व्ही होतो तो ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतं, दात हलू लागतात, अंगावर डाग पडतात, गुडघ्यांतलं बळ जातं आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो. महिनोन् महिने सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस यांवर राहणाऱ्या खलाशांचा हा आजार. १७४० ते १७४४ या काळात ब्रिटनच्या जॉर्ज अ‍ॅन्सन यांनी जगप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या ताफ्यातली बहुसंख्य माणसं परत आली नाहीत. अनेकांचा बळी स्कर्व्हीनंच घेतला होता.

ब्रिटिश आरमारातले स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी २० मे १७४७ रोजी ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले. निवडताना सगळ्यांची लक्षणं शक्य तितकी सारखी असतील असं पाहिलं. सगळ्यांना जहाजाच्या एकाच भागात ठेवलं. सगळ्यांचं जेवण एकच: सकाळी साखर घातलेली पेज, दुपारी बहुधा मटणाचा रस्सा, रात्री जव, तांदूळ, साबुदाण्यासारखे पदार्थ. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एकेक उपाय दिला. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, दुसरीला विरल गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण, मोहरी वगैरेंचं चाटण. संत्री आणि लिंबं सहा दिवसांतच संपली. पण तोवर ती खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला बाकीच्या रोग्यांची शुश्रूषा करायला नेमता आलं. सायडर घेणाऱ्यांना थोडासा उतार पडला. इतरांची प्रकृती जवळजवळ होती तशीच राहिली.

प्रयोग या पद्धतीचा गाभा इथे उघड दिसतो. तुलना करायची तर दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या हव्यात आणि ज्याचा परिणाम तपासायचा ती एकच गोष्ट वेगळी हवी. या बदलत्या गोष्टीला संशोधनाच्या परिभाषेत ‘चल’ म्हणतात. लिंड यांनी जेवण, जागा, आजाराची तीव्रता हे चल शक्य तितके स्थिर ठेवले आणि उपाय तेवढा बदलला.

याच प्रयोगाचे दोषही आजच्या वाचकाला नोंदवता आले पाहिजेत. एका गटात दोनच माणसं. एखादा मुळातच काटक असला तर निष्कर्ष फसू शकतो. शिवाय कोणाला कोणता उपाय द्यायचा हे लिंड यांनी स्वतः ठरवलं. सगळ्यांत आजारी दोघांच्या वाट्याला समुद्राचं पाणी आलं. ही वाटणी संशोधकाच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे सोडत काढल्यासारखी करावी, हा दंडक वैद्यकात रुजायला पुढे दोनशे वर्षं लागली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमध्ये अशी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्या चाचणीची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांची होती.

पुस्तकाचा तिसरा भाग

लिंड यांचं स्कर्व्हीवरचं पुस्तक १७५३ साली एडिंबरोत प्रसिद्ध झालं. चारशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात तो गाजलेला प्रयोग काही परिच्छेदांतच संपतो. उलट ग्रंथाचा अख्खा तिसरा भाग या आजारावर आधी कोणी काय लिहून ठेवलं याच्या कालक्रमानुसार आणि चिकित्सक आढाव्याला दिलेला आहे. ग्रंथाच्या शीर्षकातच त्याचा उल्लेख आहे. प्रयोगाइतकंच, किंबहुना अधिक कष्टाचं काम हे होतं.

त्याची गरज होती, कारण लिंबाचा उपयोग लिंड यांनी पहिल्यांदा शोधला नव्हता. १६०१ साली ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर निघाली, तेव्हा जेम्स लँकेस्टर यांनी आपल्या जहाजावरच्या माणसांना लिंबाचा रस दिला होता आणि ती माणसं ताफ्यातल्या इतर जहाजांवरच्या माणसांपेक्षा धडधाकट राहिली होती. १६१७ साली जॉन वुडॉल यांनी जहाजावरच्या शल्यवैद्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात लिंबाच्या रसाची शिफारस केली होती. म्हणजे अचूक उत्तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ छापील पानांत पडून होतं. पण त्याच्या शेजारीच इतर अनेक उपायही तितक्याच ठामपणे सांगितलेले होते. त्यांतला कोणता उपाय तपासून सांगितलेला आणि कोणता ऐकीव, हे ओळखायची चाळणी वाचणाऱ्यांकडे नव्हती.

संशोधनपद्धतीचं ज्ञान ही ती चाळणी. म्हणूनच पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संशोधनपद्धती हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जात असले तरी एकमेकांशिवाय लंगडे पडतात. पद्धत कळत नसेल तर वाचताना प्रत्येक लेखकाचं म्हणणं सारख्याच वजनाचं वाटतं.

खुद्द लिंडही या चाळणीत पुरते उतरत नाहीत. लिंड यांनी इलाज शोधला आणि आरमारानं तो धुडकावला, असं अनेक पुस्तकांत वाचायला मिळतं. मूळ ग्रंथ वाचला तर चित्र वेगळं दिसतं. दमट हवेमुळे घाम कोंडतो आणि त्यातून स्कर्व्ही उद्भवतो, असं स्वतः लिंड यांचंच मत होतं. फळं टिकत नाहीत म्हणून त्यांचा रस तापवून, आटवून ठेवायची शिफारस त्यांनी केली. पण आटवलेल्या रसाची तशीच चाचणी घेतली नाही. उष्णतेनं ‘क’ जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नष्ट होतं, त्यामुळे तो रस फारसा उपयोगी नव्हता. दुय्यम पुस्तकांवर विसंबणाऱ्याला हा गुंता कधीच कळत नाही. मूळ स्रोत गाठा, असं गाईड सांगतात ते यासाठी.

पुढे कॅप्टन जेम्स कुक यांच्या सफरींनी गोंधळात भर घातली. त्यांच्या जहाजांवर स्कर्व्हीचा उपद्रव फारच कमी झाला. पण त्यांनी स्वच्छता, ताज्या भाज्या, आंबवलेला कोबी, मोड आलेल्या जवाचा काढा असे अनेक उपाय एकाच वेळी केले होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. श्रेय मिळालं जवाच्या काढ्याला, ज्याचा स्कर्व्हीवर काही उपयोग नव्हता. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे सूत्र विद्यार्थी परीक्षेत लिहितात. पण नावाजलेल्या माणसाचा अहवाल समोर आला की भले भले ते विसरतात.

लेमन की लाइम?

अखेर १७९५ साली, लिंड यांच्या ग्रंथानंतर ४२ वर्षांनी, ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस देण्याचा निर्णय घेतला. त्यामागे आरमारातले वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांचा आग्रह होता. स्कर्व्ही झपाट्यानं कमी झाला. कथा इथे संपायला हवी होती, पण ती संपली नाही.

आरमार सुरुवातीला प्रामुख्यानं भूमध्य समुद्राकडची लेमन वापरत होतं, म्हणजे जाड सालीची मोठी पिवळी लिंबं. १८६०च्या दशकात त्याऐवजी वेस्ट इंडीजमधल्या लाइमचा रस घेतला जाऊ लागला. हे लाइम म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात. आंबट तर दोन्ही, त्यामुळे फरक पडेल असं कोणाला वाटलं नाही. वाफेच्या जहाजांमुळे सफरीही छोट्या झाल्या होत्या, म्हणून फरक पटकन उघडही झाला नाही. मग १८७५-७६ साली जॉर्ज नेअर्स यांची आर्क्टिक मोहीम निघाली. तिच्याजवळ लाइमचा रस होता, तरी माणसं स्कर्व्हीनं आजारी पडली. लिंबाचा रस गुणकारी असल्याबद्दलच शंका घेतली जाऊ लागली. बिघडलेल्या डबाबंद मांसातल्या विषामुळे स्कर्व्ही होतो, हे मत बळावलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दक्षिण ध्रुव मोहिमांवरही त्याची छाप राहिली. मिळालेलं ज्ञान शंभर वर्षांत पुन्हा हरवलं.

हा गुंता सुटला तो तीन वेगवेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाट म्हणजे एक संशोधनपद्धती आहे.

पहिली वाट प्रयोगशाळेतली. १९०७ साली नॉर्वेचे आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख बेरीबेरी या दुसऱ्याच आजाराचा अभ्यास करत होते. गिनीपिगांना त्यांनी नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना स्कर्व्हीसारखा आजार झाला. बहुतेक प्राणी ‘क’ जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. गिनीपिगाला माणसासारखंच ते करता येत नाही. उंदरांवर प्रयोग केला असता तर काहीच हाती लागलं नसतं. कोणावर अभ्यास केला यावर काय सापडणार हे अवलंबून असतं. समाजशास्त्रातल्या नमुना निवडीलाही हाच नियम लागू आहे.

दुसरी वाट निरीक्षणाची, आणि तिचा धागा महाराष्ट्राशी जुळतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत अल अमारा इथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात वेढ्यात अडकलेलं सैन्य सहाव्या पूना डिव्हिजनचं होतं. त्यात मराठा पलटणीही होत्या. रसद तुटल्यावर गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी धर्माच्या कारणानं ते दीर्घकाळ नाकारलं. हिंदी शिपाई आटा खात होते, गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव. परिणाम असा, की हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला आणि गोऱ्यांमध्ये बेरीबेरी. ताज्या मांसातलं थोडं ‘क’ जीवनसत्त्व गोऱ्यांना स्कर्व्हीपासून वाचवत होतं आणि कोंड्यासकट दळलेल्या आट्यातलं ‘ब’ जीवनसत्त्व हिंदी शिपायांना बेरीबेरीपासून. असा प्रयोग कोणी मुद्दाम करू धजणार नाही, करूही नये. पण परिस्थितीनंच दोन गट पाडले, तर संशोधक त्यांची बारकाईनं तुलना करू शकतो.

तिसरी वाट जुन्या कागदांची. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ साली गिनीपिगांवर दोन्ही रसांची तुलना केली. लाइमच्या रसाची ताकद लेमनच्या साधारण एक चतुर्थांश भरली, आणि साठवलेल्या रसाची त्याहूनही कमी. तरीही प्रश्न उरत होताच: मग आरमाराला शंभर वर्षांपूर्वी गुण कसा आला? त्याच गटातल्या अ‍ॅलिस हेंडरसन स्मिथ यांनी आरमाराच्या आणि मोहिमांच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. त्यांना आढळलं की जुन्या कागदपत्रांत ‘लाइम ज्यूस’ हा शब्द लेमनच्या रसालाही सर्रास वापरला आहे. यशाच्या नोंदी लेमनच्या होत्या, अपयशाच्या लाइमच्या. एकमेकांना खोडणारे भासणारे पुरावे मुळात दोन वेगळ्या रसांचे होते. नवीन शोध लागला तो केवळ जुनं नीट वाचल्यामुळे. त्यानंतर १९३२ साली ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख रासायनिकदृष्ट्या पक्की झाली आणि १९३७ साली आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

गडचिरोलीतली रिकामी जागा

आढाव्याचं आणखी एक मोलाचं काम म्हणजे ज्ञानातली रिकामी जागा दाखवणं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यात केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांबद्दलची तोवरची माहिती मुख्यतः दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची होती. ज्या कधी दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत, त्यांचं काय? बंग दांपत्यानं दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. आधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के.

या अभ्यासातला आणखी एक आकडा पद्धतीच्या दृष्टीनं फार बोलका आहे. ४५ टक्के स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती. म्हणजे नुसती प्रश्नावली घेऊन कोणी दारोदार फिरलं असतं, तर आजाराचं निम्मं चित्र हातातून निसटलं असतं. माणसं काय सांगतात हे प्रश्नावलीतून कळतं. त्यापलीकडचं शोधायला दुसरं साधन लागतं. आणि इतक्या आजारी स्त्रिया उपचारांपर्यंत का पोचत नाहीत, हा प्रश्न तर टक्केवारीनं सुटतच नाही. त्यासाठी बसून, विश्वास मिळवून, मुलाखती घ्याव्या लागतात. ‘किती’ हा प्रश्न संख्यात्मक पद्धतीचा, ‘का’ आणि ‘कसं’ हे बहुधा गुणात्मक पद्धतीचे. आधी प्रश्न ठरवावा, मग त्याला साजेशी पद्धत निवडावी. प्रश्नावली करायला सोपी म्हणून प्रश्न तिच्या मापाचा बेतू नये.

या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. दोन गावांतला आकडा साऱ्या भारताचा म्हणून सांगता येत नाही. अभ्यासाचा गौरव आणि त्याच्या मर्यादेची नोंद या दोन्ही गोष्टी एकाच आढाव्यात यायला हव्यात.

आढावा हेच संशोधन

काही अभ्यासांत संशोधक नव्यानं काहीच मोजत नाही. एखाद्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या निकषांनी गोळा करतो, त्यांची प्रत तपासतो आणि एकत्रित निष्कर्ष काढतो. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. अशा आढाव्यांसाठी ऑक्सफर्डमध्ये १९९३ साली कॉक्रेन ही संस्था सुरू झाली. तिच्या बोधचिन्हामागे एक दुःखद इतिहास आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर परिपक्व होतात, असं दाखवणारी चाचणी न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. पुढे आणखी चाचण्या झाल्या. त्यांतल्या काही छोट्या होत्या, एकट्यानं ठाम काही सांगू न शकणाऱ्या. त्या सगळ्या एकत्र मांडून पाहायला १९८९ उजाडलं आणि उपाय सर्वत्र रूढ व्हायला आणखी काही वर्षं गेली. पुरावा असूनही तो एकत्र वाचला गेला नाही, म्हणून असंख्य बाळं हकनाक गेली.

तान्ह्या बाळांना पालथं झोपवण्याचंही तेच. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं तसा सल्ला दिला गेला. पालथं झोपवण्यातला धोका १९७०पर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता तरी दिसला असता, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दाखवून दिलं गेलं. सल्ला बदलायच्या मोहिमा मात्र १९९०च्या दशकात सुरू झाल्या.

तुमच्या टेबलावर

आता हे आपल्या कामात कसं आणायचं? सुरुवात प्रश्नापासून करा. ‘ग्रामीण शिक्षण’ हा विषय झाला. ‘ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं हंगामानंतर शाळेत परत येतात का, आणि न येण्याची कारणं कोणती?’ हा प्रश्न झाला. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर अजून वाचन हवं.

शोध घेताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले शब्द वापरा. एकाच गोष्टीला लेखक वेगवेगळी नावं देतात. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. गूगल स्कॉलरवर एखादा चांगला लेख सापडला की त्याची संदर्भसूची पाहून मागे जा आणि त्या लेखाचा पुढे कोणी आधार घेतला हे पाहून पुढे या. या दोन्ही दिशा धुंडाळल्या की विषयातले मुख्य अभ्यास सहसा सुटत नाहीत. जिल्हा गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, जुन्या मासिकांचे अंक हेही साहित्यच आहे. पैसे भरले की काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र सावध राहा.

प्रत्येक अभ्यासासाठी एका तक्त्यात सहा गोष्टी नोंदवा: प्रश्न काय होता, कोणावर अभ्यास केला, किती जणांवर, कोणत्या पद्धतीनं, काय आढळलं आणि मर्यादा कोणती. गडचिरोलीचा अभ्यास या सहा रकान्यांत बसवून पाहा, सवय लागेल. वीसेक अभ्यास असे मांडले की कोणते एकमेकांशी जुळतात, कोणते भांडतात आणि कुठला रकाना सगळ्यांचाच रिकामा आहे, हे दिसू लागतं. लिहिताना लेखकवार सारांश देऊ नका, मुद्द्यांनुसार गट करा. दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नसतील तर ते लपवू नका. लेमन आणि लाइमसारखं काही त्यांच्या मुळाशी आहे का, ते शोधा. बहुधा तिथेच तुमचा स्वतःचा प्रश्न सापडेल.

आणि हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. प्रश्नावली छापायच्या आधी, गावात पहिली मुलाखत घ्यायच्या आधी, आपल्या विषयावरचे निदान दहा मूळ अभ्यास या सहा प्रश्नांनिशी वाचून काढा. आधीच्यांनी कष्टानं मिळवलेलं वाया जाऊ नये आणि आपल्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी वेळ काढणाऱ्या माणसांचे श्रमही फुकट जाऊ नयेत, ही प्रत्येक संशोधकाची जबाबदारी आहे.